घरचा गॅस आणि रेग्युलेटरची निगा



ऊस नोंदीसाठी आमचे गट कर्मचारी वस्त्यांवर फिरतात. आता बहुतेक घरी गॅस आला आहे. पण चूलही गेलेली नाही, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच खोलीत दिसतात. वस्तीवर आगीचा बंब वेळेत पोचणे कठीण. म्हणून ही माहिती देत आहोत. घरात सर्वांना वाचून दाखवावी.

रेग्युलेटर काय करतो?

सिलिंडरमधला दाब दर चौरस सेंटीमीटरला कित्येक किलो असतो. शेगडीला लागतो फक्त ३० ग्रॅमच्या आसपास. पाटाचे पाणी आपण सरीत बेताने सोडतो, तसेच हे काम आहे. रेग्युलेटरच्या पोटात रबरी पडदा व स्प्रिंग असते. पडदा हलावा म्हणून वर बारीक छिद्र ठेवलेले असते. ते पिठाने, तेलकट मळाने किंवा मुंग्यांनी बुजले की दाब बिघडतो. मेण लावून ते बंद करणे तर फारच धोक्याचे.

निगा कशी राखावी?

१) रेग्युलेटर कोरड्या फडक्याने पुसावा. पाण्यात बुडवू नये, ठोकू नये, घरी खोलू नये.

२) सिलिंडर बदलताना चूल, निरांजन, उदबत्ती विझवावी. सिलिंडरच्या तोंडात रबरी रिंग आहे का, ती चिरलेली नाही ना, हे पाहावे.

३) जोडल्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो. काडी ओढून कधीही पाहू नये.

४) नळी आयएसआय छापाची, दीड मीटरपर्यंतच असावी व पाच वर्षांनी बदलावी. वस्तीवर उंदीर नळी कुरतडतात, म्हणून ती झाकून ठेवू नये. रोज नजरेखाली असावी.

५) बटण घट्ट झाले, सूं सूं आवाज आला किंवा ज्योत एकाएकी भडकू लागली, तर रेग्युलेटर एजन्सीकडून बदलून घ्यावा. भट्टीचा जादा दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावू नये.

६) रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा. नुसती शेगडी बंद करणे पुरेसे नाही.

वास आला तर?

हा गॅस हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा तो सखल जागी, जमिनीलगत साचतो. रात्रपाळीच्या लाईटला मोटार चालू करायला उठलेला माणूस पहिला हात दिव्याच्या बटणाला घालतो. घरात गॅस साचला असेल, तर बटणाची एवढीशी ठिणगी पुरते. म्हणून आधी वास घ्यावा, मग बटण दाबावे.

वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये, बंदही करू नये. पेटते काही असेल तर विझवावे. शेगडी व रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. लेकरे, म्हातारी माणसे प्रथम बाहेर काढावीत. गळती थांबत नसेल तर आपणही बाहेर पडावे आणि लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

चूल व सिलिंडर यांची खोली वेगळी करणे, हे काम मात्र या आठवड्यातच उरकून घ्यावे, ही विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी