आडनावाच्या मागे धावू नकोस

रेवा, वंशावळ काढायला घेतलीस हे छान झालं. पण जुन्या कागदावर आडनाव वेगळं दिसलं की 'हे आपले नव्हेत' म्हणून तो बाजूला सारू नकोस. फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. मास्टर दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं. वतन आलं की कुलकर्णी-देशपांडे, गाव सुटलं की गावाच्या नावापुढे 'कर'. सख्ख्या दोन भावांत गावात राहिला तो पाटील आणि मुंबईला गिरणीत लागला तो गावकर, असं घरोघरी आहे. म्हणून आडनाव सोड. मूळ गाव, कुलदैवत आणि जमीन, ही तीन धर. माणसं आडनाव सहज बदलतात, बांध सहजासहजी सोडत नाहीत.

तलाठ्याकडे नुसता सात-बारा मागून भागत नाही, फेरफार माग. माणूस मेला की वारस कोण लागले, ते तिथे लिहिलेलं असतं. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा दोन्ही आकडे जुळवून घे, नाहीतर भलत्याच्या शेतात शिरशील. तसंच जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, पाहा. तिथे जन्ममृत्यू सापडतील, पण आडनाव पुष्कळदा नसतंच. 'राघू बिन तुका' एवढंच. बिन म्हणजे मुलगा, कोम किंवा भ्रतार दिसलं की ती बायको. बरंचसं मोडीत असतं. वाचणारा सोबत ने.

आता खरी गोम सांगतो. उताऱ्यात नावापुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.' दिसेल: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा बहुधा थोरला भाऊ. धाकटा लवकर गेला असेल, तर त्याची पोरंही ह्याच्याच हाताखाली वाढलेली, आणि पुढच्या पिढीत सगळे ह्यालाच बाप समजतात. अशा वेळी 'अ.पा.क.' शोध. अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव लागलेलं असलं, तर मूल लहान असतानाच बाप गेला असावा असं धर आणि मृत्यूच्या नोंदीत त्याला गाठ. अर्धे 'हरवलेले' पणजोबा ह्या तीन अक्षरांमागे सापडतात.

दत्तकाचंही तसंच. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. तिथे आडनाव तरी तेच राहिलं. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि भोसले झाले. वंशावळीत अशा माणसाला दोन्ही घरांत दाखव: जन्माच्या घराकडे तुटक रेघ, दत्तक घराकडे सरळ. एक घर पुसलंस तर पुढची पिढी सोयरीक जुळवताना गोंधळेल.

पाट लावून आलेल्या बाईबरोबर पहिल्या घरचं मूल आलं असेल, तर त्याला सावत्र बापाचं नाव लागलेलं असतं. लोक ते दडपतात. तू दडपू नकोस, आणि लग्नाच्या मांडवात बोलूही नकोस. कागदावर जेवढं आहे तेवढंच लिही; आणि कुणी सांगितलेलं असेल तर कुणी, कधी सांगितलं तेही लिही.

त्र्यंबकेश्वरला गेलीस तर उपाध्यायांच्या वह्या बघ. आडनावाबरोबर मूळ गाव सांग. यात्रेला आलेल्याने स्वतः सोबतच्यांची नावं घातलेली असतात. कोण कुणाचा पुतण्या, कोण मेहुणा, हे तिथे कळतं. बापाचं नाव सापडत नसेल तेव्हा मामाच्या गावची वही उघडायला सांग. माहेरच्या बाजूने शोधायचं पुरुषांना सुचत नाही.

आणि कुणी पैसे घेऊन थेट शिवकाळापर्यंतची वंशावळ छापून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. बाप माहीत नसेल तिथे रकाना कोरा ठेव. घाईने सरदार बसवू नकोस.

सुरुवात सुमनआत्याकडून कर. कुणाची सून कुणाची भाची, हे तिला तोंडपाठ आहे. गेल्या गेल्या वहीपेन काढू नकोस; दुपारी जेवायला थांब, भांडी घासू लाग, मग तीच सुरू होईल.