फ्रेंच वारशाच्या स्थळांची सामूहिक भेट : मार्ग, वेळ आणि पूर्वतयारी

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर रस्त्याच्या कडेला इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची वसाहत आहे. कर्नाटक शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्ड तोगूर या खेड्यांच्या भूमीवर, सुमारे ३३२ एकरांच्या क्षेत्रात, १९७८ च्या सुमारास तिचा पाया घातला. पुढे माहिती-तंत्रज्ञानाचा उद्योग तेथे वाढला आणि देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही लक्षणीय आहे. गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि वर्षातून एखादी सहल हा अशा कुटुंबांच्या सामूहिक जीवनाचा ठरलेला क्रम होय. सहलीचा विषय निघाला की पाँडिचेरीचे नाव हमखास पुढे येते. हे शहर बंगळूरहून सुमारे ३१० किलोमीटरांवर असून इलेक्ट्रॉनिक सिटी त्या दिशेच्या मार्गावरच वसलेली आहे. शहरातील गर्दी मागे टाकूनच प्रवासास आरंभ होतो, ही सोय लहान नव्हे.

पाँडिचेरी 'फ्रेंच' आहे, म्हणून ती पाहावयाची, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. परंतु ज्याला आखणी करावयाची आहे, त्याने गाडी ठरविण्यापूर्वी या विशेषणाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तसे न केल्यास चाळीस माणसे सहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून पिवळ्या भिंतींपुढे छायाचित्रे काढून परत येतात.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी फ्रान्स्वा मार्टिन १६७४ मध्ये येथे आला. ही जागा फ्रेंचांना विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार शेरखान लोदी याच्याकडून मिळाली होती. तीनच वर्षांनी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कर्नाटकाच्या स्वारीत जिंजीचा दुर्ग घेतला व शेरखानाचा पराभव केला. ज्याच्या आश्रयाने वसाहत उभी होती, तोच नाहीसा झाल्यामुळे मार्टिनने जर्मँ नावाच्या आपल्या माणसास महाराजांच्या छावणीत पाठविले. फ्रेंचांना तेथे राहण्याची अनुज्ञा मिळाली. छावणीत कोणताही डामडौल नव्हता, महाराजांसाठी व त्यांच्या प्रधानासाठी साध्या कापडाचे दोन लहान तंबू तेवढे होते, अशी हकीकत मार्टिनच्या आठवणींत नोंदविलेली आहे. पाँडिचेरीचा इतिहास मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही, हे सांगण्यास एवढे पुरेसे आहे.

१६९३ मध्ये डचांनी हे ठाणे जिंकले आणि १६९९ मध्ये ते फ्रेंचांच्या हाती परत आले. आज ज्या काटकोनी, सरळ रस्त्यांचे कौतुक 'फ्रेंच शिस्त' म्हणून केले जाते, त्यांची मूळ आखणी या मधल्या काळातील डचांची आहे. पुढे १७४२ ते १७५४ या काळात डुप्ले गव्हर्नर असताना शहराचे वैभव शिगेस पोहोचले. त्यानंतर जानेवारी १७६१ मध्ये ते इंग्रजांना शरण गेले आणि इंग्रजांनी किल्ला व शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. १७६५ पासून लॉ द लॉरिस्तों याच्या कारकिर्दीत पुन्हा बांधकाम सुरू झाले. याचा अर्थ असा की डुप्लेच्या काळातील पाँडिचेरी पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्या गटाला ती दिसणार नाही. जे दिसते ते बहुतांशी नंतरचे होय : इमॅक्युलेट कन्सेप्शन कॅथीड्रल १७९१ चे, जुने दीपगृह १८३६ चे, नोत्र दाम देझांज हे चर्च १८५५ चे. समुद्रकाठचे नगरभवन एकोणिसाव्या शतकातील होते. ते नोव्हेंबर २०१४ मध्ये कोसळले आणि जुन्या रूपाबरहुकूम नव्याने बांधून २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ही गोष्ट गटाला त्या इमारतीसमोर उभे असतानाच सांगावी. वारसा टिकविण्यात हयगय झाली तर काय घडते, हे समजण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही.

शहराच्या मधून एक कालवा उत्तर-दक्षिण जातो. त्याच्या पूर्वेस, समुद्राकडे, युरोपीयांची वस्ती होती, तिला 'गोरे नगर' म्हणत. पश्चिमेस तमिळ वस्ती, ती 'काळे नगर'. बहुतेक सहली कालव्यापाशी थांबतात. ही आखणीतील सर्वांत मोठी चूक होय, कारण दोन्ही बाजूंची घरे शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज कोणत्याही एका बाजूचा अर्थ लागत नाही. फ्रेंच घर रस्त्याकडे पाठ फिरवून बसते. उंच कुंपणभिंत, भव्य दरवाजा, आत बाग आणि कमानींचा सोपा, अशी त्याची रचना असते. तमिळ घर मात्र रस्त्याला सामोरे जाते. त्याला 'तिण्णै' म्हणजे आपल्याकडचा ओटा असतो, त्यापुढे लाकडी खांबांवर तोललेले उतरते छप्पर, 'ताळवारम', असते. वाटसरूने उन्हात तेथे टेकावे, अशी ती योजना. आत 'मुट्रम' म्हणजे चौक. वाड्यात वाढलेल्या वृद्धांना हे समजावून सांगावे लागत नाही. ते ओट्यावर बसतात आणि आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगू लागतात. काही घरांचा खालचा मजला तमिळ पद्धतीचा व वरचा फ्रेंच पद्धतीचा असतो. वैश्याळ वीथीमध्ये इंटॅक या संस्थेच्या पुढाकाराने जतन केलेली अशी घरे सलग रांगेत दिसतात.

याच पश्चिम भागात आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा आहे. डुप्लेचे दुभाषी आणि व्यापारी सल्लागार असलेल्या या गृहस्थांनी १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतर मद्रास शासनाने १९०४ ते १९२८ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केले. ती रोजनिशी ज्या काळाची आहे, त्याच काळात, १७४० मध्ये, रघूजी भोसले यांची स्वारी कर्नाटकात आली. अर्काटचा नबाब दोस्तअली लढाईत मारला गेला आणि त्याच्या कुटुंबीयांनी पाँडिचेरीत आश्रय घेतला. गव्हर्नर द्यूमाने त्यांना मराठ्यांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. द्यूमाने भेटीदाखल पाठविलेले फ्रेंच मद्य रघूजींच्या पत्नीस फार आवडले आणि त्यामुळे मराठ्यांचा राग निवळला, अशी एक कथा इतिहासग्रंथांतून सांगितली जाते. कथा म्हणूनच ती सांगावी. द्यूमाच्या नावाचा रस्ता आजही आहे आणि त्यावरून चालताना ती ऐकावयास गोड वाटते.

समुद्रकिनाऱ्यावर महात्मा गांधींचा पुतळा आहे. त्याच्याभोवती आठ उंच, कोरीव ग्रॅनाइट स्तंभ उभे आहेत. १७५० मध्ये बुसीच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांनी एका रात्रीच्या हल्ल्यात जिंजी घेतली, त्यानंतर हे स्तंभ तेथून आणले गेले, असे सांगितले जाते. हा तपशील लक्षात घेतला की सहलीचा मार्ग आपोआप ठरतो. जिंजी बंगळूर-पाँडिचेरी मार्गावरच, पाँडिचेरीपासून सुमारे ७० किलोमीटरांवर आहे. प्रथम पाँडिचेरीस जावे, तेथे हे स्तंभ पाहावेत आणि परतताना जिंजीस थांबून ते ज्या भूमीतून गेले ती भूमी पाहावी. उलट क्रमाने गेल्यास स्तंभ पाहताना जिंजी मागे पडलेली असते, आणि प्रश्न सुचले तरी उत्तरासाठी परत जाता येत नाही.

आता दिवसांचा विचार. इलेक्ट्रॉनिक सिटीतील नोकरदारांना शनिवार-रविवारची सुटी असते. म्हणून शुक्रवारी रात्री बसमध्ये झोपून शनिवारी पहाटे पोहोचावयाचे आणि रविवारी रात्री परतावयाचे, असा बेत केला जातो. तरुणांना तो झेपतो. ज्यांच्याबरोबर वृद्ध आईवडील व लहान मुले आहेत, त्यांचा शनिवार मात्र पेंगण्यातच जातो. याशिवाय आणखी एक अडचण आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच संशोधनसंस्था शनिवार-रविवारी उघडी नसते. तेथील शैव आगमांच्या ताडपत्रांच्या संग्रहाचा, 'एकोल फ्रान्सेझ' या दुसऱ्या संस्थेच्या संग्रहासह, युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत २००५ मध्ये समावेश झाला. फ्रेंच विद्वानांनी आणि तमिळ पंडितांनी एकत्र बसून केलेले हे काम शहरातील कोणत्याही दर्शनी भिंतीपेक्षा अधिक मोलाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक गट पाहत नाहीत. ही संस्था प्रेक्षणीय स्थळ नव्हे, ते काम करण्याचे ठिकाण आहे. म्हणून किमान महिनाभर आधी पत्र लिहून, किती जण येणार व कशासाठी, हे कळवावे आणि होकार आला तरच जावे. सगळ्या चाळिसांना नेण्याचा आग्रह नसावा. ज्यांना रस आहे असे दहा-बारा जण गेले तरी पुरे. बाकीच्यांनी तोवर किनाऱ्यावर बसावे.

यास्तव शुक्रवारची एक रजा काढणे श्रेयस्कर. पहाटे पाचला इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघून अत्तिबेले, होसूर, कृष्णगिरी, चेंगम, तिरुवण्णामलै या मार्गाने, न्याहारीचा थांबा धरून, दुपारच्या जेवणापर्यंत पाँडिचेरी गाठता येते. तिसऱ्या प्रहरी संशोधनसंस्था आणि संध्याकाळी किनारा पाहून होतो. किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी सहापासून वाहनांसाठी बंद असतो, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील माणसासही तेथे निर्वेधपणे फिरता येते. शनिवारी सकाळी साडेसहाला पायी फेरी सुरू करावी. चाळीस जणांचा एकच घोळका अरुंद पदपथावर मावत नाही आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून तीन तुकड्या कराव्यात आणि त्या वीस मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. प्रत्येक तुकडीत एकाने माहिती सांगण्याची जबाबदारी घेतलेली असावी. स्थानिक मार्गदर्शक घेतल्यास तो कोणत्या भाषेत बोलणार, हे आधीच ठरवावे. आजीला इंग्रजी येत नसेल तर कोणीतरी मराठीत सांगत राहिले पाहिजे. हे काम किशोरवयीन मुलांवर सोपविले तर ती ते अनपेक्षित उत्साहाने करतात.

या घरांत माणसे राहतात, याचे भान गटाला द्यावे लागते. दरवाजातून आत डोकावणे, पायऱ्यांवर बसून डबे उघडणे, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना छायाचित्रे घेणे या गोष्टी निघण्यापूर्वीच्या बैठकीत स्पष्टपणे वर्ज्य ठरवाव्यात. श्रीअरविंद आश्रमात मौन पाळावे लागते. श्रीअरविंद १९१० मध्ये येथे आले, सुब्रह्मण्य भारती त्याआधी १९०८ मध्ये. इंग्रजांचा हुकूम येथे चालत नव्हता म्हणून ते आले. फ्रेंच सत्तेचा हा एक उपयोग झाला खरा, परंतु त्यावरून ती सत्ता उदार होती असा निष्कर्ष मुलांच्या मनावर बिंबवू नये. तिलाही येथून जावे लागलेच. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे झालेल्या मतदानात १७८ प्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले. १ नोव्हेंबर रोजी प्रत्यक्ष हस्तांतर झाले आणि कायदेशीर हस्तांतरास १६ ऑगस्ट १९६२ उजाडला.

शनिवारी दुपारी संग्रहालय पाहावे. सकाळच्या चालण्याने थकलेल्यांना तेथे सावली मिळते.

महिन्यांची निवड हीही महत्त्वाची बाब आहे. या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे महाराष्ट्रातील सवयीने दिवाळीच्या सुटीत बेत केल्यास भिजण्याची तयारी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत जिंजीचा खडक तापतो. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ उत्तम. पौर्णिमा मात्र पंचांगात पाहून टाळावी, कारण त्या रात्री तिरुवण्णामलैस डोंगराच्या प्रदक्षिणेसाठी लक्षावधी लोक जमतात आणि त्या गावातून बस काढणे दुरापास्त होते.

रविवारी भल्या पहाटे पाँडिचेरी सोडावी, म्हणजे जिंजीचे दार उघडण्याच्या वेळी तेथे पोहोचता येते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन डोंगरांना तटाने जोडून हा दुर्ग बनला आहे. राजाराम महाराजांनी येथे आश्रय घेतला आणि मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. दुर्ग पडण्यापूर्वी महाराज निसटून गेले होते. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जो समूह जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरला, त्यातील महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला हाच. राजगिरीची चढण खडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावे. कल्याणमहाल, धान्याची प्रचंड कोठारे, सादतुल्लाखानाची मशीद आणि वेंकटरमण मंदिर ही सर्व पायथ्यालाच आहेत. ज्यांना पाँडिचेरीचे स्तंभ आठवत असतील, त्यांनी या मंदिराच्या मंडपात अवश्य जावे. चढणाऱ्यांनी पाणी जवळ बाळगावे, मात्र खाण्याच्या पिशव्या बसमध्येच ठेवाव्यात, कारण तेथील माकडे हातातली पिशवी ओढून नेतात.

अकरापर्यंत सर्वांनी खाली उतरावे आणि बस बारा वाजता हलवावी. तिरुवण्णामलैस जेवण करून निघाल्यास, सुटीवरून परतणाऱ्या वाहनांची रांग लागण्यापूर्वी अत्तिबेलेची सीमा ओलांडता येते. दोन राज्यांतील प्रवेशकराच्या पावत्या चालकाने जाण्यापूर्वीच भरलेल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम गटप्रमुखाचे.