पन्नास सी.सी.चे इंजिन : जुळणी, सूर आणि निगा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा याचे वर्गमित्रांना नवल वाटेल. परंतु मामांच्या अडगळीत पडलेली पन्नास सी.सी.ची जुनी मोपेड मी व माझ्या एका मित्राने गेल्या उन्हाळ्यात पुन्हा चालती केली. त्या खटाटोपात जे शिकलो, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

मोपेड म्हणजे मोटर आणि पेडल यांचा संयोग. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंगने आणलेल्या लुनामुळे हे वाहन महाराष्ट्रात घरोघरी पोचले. अशा गाड्यांचे इंजिन ‘टू-स्ट्रोक’ जातीचे असे. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास क्रँककेसचाच पंपासारखा उपयोग करणारी रचना केली. आपल्या इंजिनाचे मूळ तेथे आहे. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोल ओढले जाते. तो खाली येताना तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये चढवतो. म्हणून क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. मिनिटाला ४,८०० फेरे धरले, तर सेकंदाला ८० ठिणग्या झाल्या!

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, क्रँककेसमध्ये वेगळे ऑइल साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आमच्या इंजिनाला एका लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे १:२५ हे प्रमाण सांगितले आहे. ते मापानेच घालावे, अंदाजाने नव्हे. दुसरी, क्रँककेस हवाबंद हवा. पॅकिंग फाटले किंवा ऑइल सील झिजले, की बाहेरची हवा आत शिरते व मिश्रण पातळ होते.

जुळणी

इंजिन खोलताना प्रत्येक भाग कोठून निघाला याची वहीत नोंद करावी. जुने पॅकिंग पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. पिस्टनच्या खाचेत बारीक खिळा असतो. रिंगेची तोंडे त्याच्या दोन्ही बाजूंस बसली पाहिजेत, नाहीतर ब्लॉक चढवताना रिंग तुटते. हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळावेत. सायलेन्सर व एक्झॉस्टचे तोंड काजळीने भरले असल्यास खरवडून स्वच्छ करावे. सुस्त इंजिनाचा रोग पुष्कळदा तेथेच सापडतो. मात्र सायलेन्सर काढून टाकल्याने ताकद वाढते ही समजूत खोटी आहे. टू-स्ट्रोकमध्ये तो इंजिनाचाच एक भाग असतो. तो काढला की आवाज तेवढा वाढतो.

सूर लावणे

प्रथम ठिणगी, मग पेट्रोल, हा क्रम ठेवावा. प्लगची फट अर्धा मिलिमीटर आणि पॉइंटची सुमारे ०.४ मिलिमीटर, फिलर गेज लावून पाहावी. मग एक-दोन किलोमीटर भरवेगात जाऊन इंजिन एकदम बंद करावे व प्लग काढून पाहावा. चॉकलेटी रंग असेल तर मिश्रण योग्य; काळी ओलसर काजळी असेल तर पेट्रोल जास्त; पांढरा असेल तर पेट्रोल कमी आणि इंजिन तापलेले. कार्बोरेटरच्या सुईची कडी एक खाच खाली घेतली, की सुई वर उचलली जाते व पेट्रोल वाढते. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

येथेच आम्ही फसलो. पहिल्या फेरीनंतर प्लग पांढराशुभ्र निघाला. ‘किती स्वच्छ जळतंय बघ!’ असे म्हणत आम्ही खूष झालो. गाडीही चपळ वाटत होती. दुसऱ्या दिवशी चढावर इंजिन किंचाळले आणि थांबले. पिस्टन धरला होता. कार्बोरेटरच्या सांध्याचे जुनेच पॅकिंग आम्ही कंजूषपणाने परत बसवले होते आणि तेथून हवा शिरत होती. प्लगने आदल्या दिवशीच सांगितले होते. आम्हांला ती भाषा येत नव्हती. ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन घालावा लागला. मामा एवढेच म्हणाले, ‘‘अरे, आठ आण्याच्या कागदापायी ब्लॉक घालवलात!’’

आणखी एक इशारा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील प्राणवायूमुळे जुन्या जेटवर मिश्रण अधिक पातळ होते, जुनी रबरी नळी खराब होते, आणि टाकीत महिनोन् महिने ठेवल्यास ते पाणी शोषते. म्हणून जुन्या गाडीचा प्लग वरचेवर पाहावा.

वेगाविषयी

साध्या सायकलला इंजिन जोडण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु वेग २० वरून ४० झाला, की थांबवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. सायकलचे ब्रेक, रिम आणि फोर्क त्यासाठी घडवलेले नसतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे २५ सी.सी.हून मोठे इंजिन असलेली दुचाकी मोटार वाहन ठरते. तिला नोंदणी, विमा व परवाना लागतो. तेव्हा हौस जुन्या मोपेडवर भागवावी, आणि ब्रेक नीट झाल्यावरच इंजिनाला हात लावावा.

आमची गाडी आता पेडलच्या दुसऱ्या फेऱ्याला सुरू होते. ग्रंथ वाचताना शब्दामागचा अर्थ शोधा, असे आमचे प्राध्यापक सांगतात. प्लगच्या रंगालाही तोच नियम लागू आहे, हे मला एका पिस्टनच्या किमतीत कळले.