पक्षाघातानंतर हाताचे पुनर्शिक्षण

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचला, चालूही लागला, तरी हात मात्र निकामीच राहिला, असे अनेक घरांतून दिसून येते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने हा विकार उद्भवतो. येथे मूळ इजा हाताला झालेली नसून, हाताला आज्ञा देणाऱ्या मेंदूला झालेली असते. त्यामुळे हाताचे पुनर्वसन हा बऱ्याच अंशी शिक्षणाचा प्रश्न ठरतो.

मेंदू हालचाल कशी शिकतो?

भरलेली समजून घागर उचलावी आणि ती रिकामी निघावी, तर हात झटक्याने वर जातो. किती जोर लावावा, हे मेंदूने अंदाजाने आधीच ठरविलेले असते. १९९४ साली शॅडमेर व मुस्सा-इव्हाल्डी या शास्त्रज्ञांनी याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्राची मूठ धरून ठरावीक बिंदूकडे हात नेताना यंत्र हाताला बाजूस ढकलत असे. प्रारंभी हाताचा मार्ग वाकडा झाला. सरावाने तो सरळ झाला. नंतर यंत्राचा जोर काढून घेताच हात उलट दिशेस वळला. मेंदूने त्या जोराचा अंदाज आत्मसात केला होता, हे यावरून दिसून आले. चूक जाणवणे आणि पुढील प्रयत्नात ती सुधारणे, हा शिकण्याचा एक प्रमुख मार्ग होय.

न वापरण्याची सवय

दुबळ्या हाताने केलेले आरंभीचे प्रयत्न फसतात. रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो आणि पुढे थोडी शक्ती परतली तरी तो हात वापरात येत नाही. एडवर्ड टाऊब यांनी ही 'शिकलेली निष्क्रियता' दाखवून दिली. चांगला हात हातमोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून कसून सराव करवून घेण्याची पद्धत त्यातूनच पुढे आली. अमेरिकेत २२२ रुग्णांचा समावेश असलेल्या चाचणीत, त्यांपैकी एका गटावर दोन आठवडे ही पद्धत वापरून पाहण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्या रुग्णांसाठीच ती आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून हात बांधू नये.

घर आणि गाव

केवळ तेलाने चोळल्याने हात काम शिकत नाही. त्यासाठी रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हवा. तांब्या धरणे, धान्य निवडणे, बटण लावणे ही नित्याची कामे, वेळ लागला तरी, त्याला पुन्हा पुन्हा करू द्यावीत. मायेपोटी प्रत्येक काम आपणच करून टाकणे म्हणजे त्याची शिकण्याची संधी हिरावून घेणे होय. रुग्णाला उठविताना दुबळा हात ओढू नये. खांद्याला इजा होते.

तथापि सर्व भार कुटुंबावर टाकूनही भागत नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या पाहणीत, नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरी करविलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांअखेर नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ दिसला नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. घरच्या सरावाला भौतिकोपचार तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाची जोड मिळावी, हाच यातून घ्यावयाचा बोध आहे. आपल्या गावातील असे रुग्ण हेरून त्यांना नजीकच्या रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत नियमितपणे पोहोचविण्याची व्यवस्था पंचायत सदस्य व शिक्षक यांनी केली, तर कित्येक हात पुन्हा कामाला लागू शकतील.