‘आय’ आणि ‘जे’ यांच्यामधल्या सात जागा

इंग्रजीत ‘आय’ नंतर लगेच ‘जे’ येतो, हे लहान मूलही सांगेल. पण आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकाच्या हिशेबी ‘आय’ म्हणजे २०१ आणि ‘जे’ म्हणजे २०९! मधल्या सात क्रमांकांवर एकही मुळाक्षर नाही. असे का?

१९६४ साली आलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालिकेबरोबर ‘एब्सिडिक’ ही सांकेतिक पद्धत आली. तिचे मूळ छिद्रपत्रांत आहे. पत्रावर ८० उभे रकाने असत, एका रकान्यात एक अक्षर. अक्षराला दोन छिद्रे लागत : एक गट सांगे, दुसरे गटातले स्थान. ‘ए’ ते ‘आय’ पहिला गट, ‘जे’ ते ‘आर’ दुसरा, ‘एस’ ते ‘झेड’ तिसरा. स्थाने १ ते ९. तिसऱ्या गटात मात्र अक्षरे आठच, म्हणून तिथे २ पासून सुरुवात. एब्सिडिकने हीच मांडणी उचलली. गटांसाठी १९२, २०८ आणि २२४ घ्या व त्यांत स्थान मिळवा. ‘झेड’चा क्रमांक तुम्हीच काढा बरे! २३३ आला ना?

पत्रे वाचायला हे सोयीचे होते. अडचण येते ती मजकूर ‘अ‍ॅस्की’ पद्धतीच्या संगणकाकडे पाठवताना. तिथे ‘ए’ ६५ आणि पुढची अक्षरे ओळीने. म्हणजे ‘ए’मधून १२८ वजा करायचे, ‘जे’मधून १३५, ‘एस’मधून १४३. प्रत्येक अक्षराला “तुझा गट कोणता?” असे विचारत बसलो, तर लाखो अक्षरांना किती वेळ लागेल!

यावर तोड साधी आहे. २५६ घरांचे कोष्टक करा आणि १९३ व्या घरात ६५ लिहून ठेवा. अशी सारी घरे भरली की विचारणे संपले. घर उघडायचे, आत असेल ते घ्यायचे. सिस्टिम/३६० ला यासाठी ‘ट्रान्स्लेट’ ही खास आज्ञाच होती. एका आज्ञेत २५६ बाइटांपर्यंत मजकूर बदलून निघे.

क्रमाचे दुखणे मात्र कोष्टकाने जात नाही. एब्सिडिकमध्ये अंक अक्षरांच्या मागे येतात (२४० ते २४९), अ‍ॅस्कीत पुढे (४८ ते ५७). मेनफ्रेमने लावलेली यादी समजा अशी आहे : ए१, बी२, १ए. ती रूपांतरित केली, पण पुन्हा क्रमाने लावली नाही. आता अ‍ॅस्कीवाला संगणक ‘१ए’ शोधू लागतो. तो आधी मधली नोंद पाहतो : बी२. त्याच्या लेखी ‘१ए’ तिच्या आधी हवी, म्हणून तो डावीकडे वळतो. तिथे फक्त ए१. तो उत्तर देतो, “अशी नोंद नाही.”