बंधन आणि मोकळीक

“शेत माझे, विहीर माझी, मी ऊस लावीन नाहीतर काहीही!” हा युक्तिवाद वरवर स्वातंत्र्याचा वाटतो. परंतु जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. एकाच्या उसापायी शेजाऱ्याची विहीर आटते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने हे जाणले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही हक्क, ऊस वर्ज्य. एक मोकळीक गेली, पण अनेकांना पेरण्याची मोकळीक लाभली. मोजक्या पाण्यात कोणते पीक साधावे, येथेच कल्पकतेचा कस लागतो. आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांनी ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ हा पुस्तकी शब्द शिवारात तपासून पाहावा. जे शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, ते स्वातंत्र्य कसले?