गावची शेती व सरकारी साहाय्य : एक परिसरपाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी)

पनवेल तालुक्यातील कोन हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत वसलेले आहे. भाताच्या खाचरांच्या या परिसरात आता उंच इमारती उभ्या आहेत. गिरणी कामगारांसाठीची घरेही येथेच बांधली गेली. ज्या कुटुंबांच्या हाती अद्याप शेत उरले आहे, त्यांना ते टिकविण्यासाठी सरकारी साहाय्याची गरज असते. साहाय्य नाही असे नव्हे. परंतु कोठे जावे व कोणता कागद न्यावा हे ठाऊक नसल्याने अनेकांचे हात रिकामे राहतात. ही वाट दाखविण्याचे काम परिसर अभ्यासाच्या तासाला होऊ शकते.

पाठाचा हेतू : विद्यार्थ्यास सातबारा वाचता यावा, आणि कोणत्या कामासाठी कोणत्या कचेरीत जावे हे सांगता यावे.

साहित्य : फळ्यावर काढलेला सातबाऱ्याचा नमुना (नावे काल्पनिक असावीत), तालुक्याचा नकाशा, कुदळ, घमेले व स्वच्छ कापडी पिशवी.

पहिली पायरी : सातबारा. गाव नमुना सात जमिनीवरील हक्क सांगतो, तर बारा पिकांची नोंद सांगतो. शिक्षकाने विचारावे, ‘‘आजोबा वारले, पण उताऱ्यावर नाव त्यांचेच आहे, मग अर्ज कोणी करावा?’’ येथेच पाठाचे मर्म आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. परंतु जमीन कुटुंबाच्या नावे नोंदलेली असावी लागते. खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास हा निधी मिळत नाही. वारसाहक्काने जमीन आल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास तोंडी अथवा लेखी कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. ही नोंद राहून गेली म्हणजे विधवा माता व तिची मुले अनेक योजनांच्या दाराबाहेरच राहतात. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हेही सांगावे.

दुसरी पायरी : कचेऱ्या. तालुक्यात शेतीची दोन दारे आहेत व लोक त्यांत गोंधळतात. एक राज्याच्या कृषी विभागाचे : तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी व गावपातळीवरील सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक). दुसरे जिल्हा परिषदेचे : पंचायत समितीतील कृषी अधिकारी. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, तर अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. विहिरीसारख्या कामास साहाय्य देणाऱ्या या योजना जिल्हा परिषदेचा कृषी विभाग राबवितो. अवजारे, ठिबक सिंचन इत्यादींचे अर्ज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेतून करावे लागतात.

तिसरी पायरी : माती व पाणी. कोकणातील मुसळधार पाऊस उतारावरील माती वाहून नेतो. म्हणून उतारावर मजगी घालून खाचरे तयार करतात. मृदसंधारणाच्या योजनांत या कामाचा समावेश आहे. पावसाळा संपताच ओढ्यावर माती वा वाळूने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा श्रमदानाने घालता येतो. खाडीकाठच्या शेतांचा प्रश्न निराळा : बांध फुटला की खारे पाणी आत शिरते. अशा जमिनींसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे असून, खारटपणा सोसणारे ‘पनवेल’ नावाचे भाताचे वाण तेथलेच होत.

उपक्रम : एका शेतातील आठ-दहा जागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी. सर्व माती एकत्र मिसळून पसरावी, चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. हा नमुना सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांमार्फत तपासणीस पाठविता येतो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे १२ गुणधर्म नोंदलेले असतात.

शिक्षकांसाठी सूचना : रकमा पाठ करून घेऊ नयेत, कारण नियम बदलतात. एका रुपयात पीक विमा ही सोय २०२३ च्या खरिपात सुरू झाली व २०२५ च्या खरिपात बंद झाली. विचारावे कोठे, हे मात्र कायम उपयोगी पडते. विद्यार्थ्यांकडून घरचे उतारे वा आधारपत्रे शाळेत मागवू नयेत. कोणाकडे किती जमीन आहे, हे वर्गात विचारू नये. भूमिहीनांची मुलेही त्याच बाकावर बसलेली असतात. तसेच साहाय्य मिळेलच, असे आश्वासन शिक्षकाने देऊ नये.

स्वाध्याय : १) सात व बारा या नमुन्यांतील फरक सांगा. २) वारसनोंद का आवश्यक आहे? ३) विहिरीसाठी, माती तपासणीसाठी व वारसनोंदीसाठी कोणाकडे जावे ते तक्त्यात लिहा. हा तक्ता घरी मोठ्याने वाचून दाखवावा.